वेगळं चुकलं असतं

११ जून

दादा,

वर काय लिहावं यातच दोन कागद फुकट गेले. आधी ‘तीर्थरूप’ लिहिलं, तुला हसू येईल म्हणून खोडलं. मग ‘प्रिय’ लिहिलं, ते मलाच खोटं वाटलं. शेवटी नुसतं दादा ठेवलं. तेवढं तरी अजून खरं आहे.

तुझा पत्ता मावशीच्या मुलीने दिला. "माझं नाव सांगू नकोस," म्हणाली. सांगितलं बघ. माझ्या पोटात काही राहत नाही असं आई म्हणायची. आईला माझ्या पोटाची फारशी माहिती नव्हती.

कामाचं सांगते. मला निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. गुडघे बोलतात, बाकी ठीक. आमची संस्था माझ्या कामावर एक गौरवग्रंथ काढते आहे. त्याची संपादक माझीच एक जुनी विद्यार्थिनी, आता स्वतः प्राध्यापक. आम्ही सगळे तिला टाचणी म्हणतो, कारण कुठेही टोचून दोन कागद एकत्र आणते. तिने मला वीस पानं लिहायला सांगितली आहेत: या विषयाकडे मी वळले कशी, सुरुवात कुठे झाली.

सुरुवात आपल्या आकडेखोलीत झाली, हे तुला वेगळं सांगायला नको. आजच्या मुलांना मात्र ते सांगावं लागतं. त्यांना वाटतं, संगणक नव्हते तेव्हा धरणं अंदाजाने बांधत असतील. धरणाच्या कचेरीत एक खोलीभर माणसं दिवसभर हाताने यंत्रं फिरवायची, हँडल मागे फिरवलं की वजाबाकी, पुढे फिरवलं की बेरीज, आणि त्या खोलीतून आलेल्या आकड्यांवर लोखंड कापलं जायचं, हे सांगितलं की ती तोंडाकडे बघत राहतात. एका मुलाने तर विचारलं, "मग हात दुखायचा नाही?" म्हटलं, "खांदा."

तर मला थोडी माहिती हवी आहे. खोली तिसऱ्या मजल्यावर होती की दुसऱ्या? यंत्रं किती होती? धरणाच्या दरवाज्याचं काम आपल्याकडे कोणत्या महिन्यात आलं? पाणी भरून चाचणी कधी झाली? आणि तू नोकरी सोडलीस ती तारीख. जमेल तेव्हा कळव. घाई नाही, पण पुस्तक ऑक्टोबरात निघणार आहे.

वहिनींना नमस्कार. मी त्यांना पाहिलेलंच नाही, हे लिहिताना लक्षात आलं.

तुझी धाकटी बहीण

२९ जून

दादा,

तुझं कार्ड आलं. अक्षर तेच. सातच्या आकड्याला अजून शेपूट काढतोस.

तिसरा मजला. यंत्रं अकरा, चालू नऊ. दरवाज्याचं काम फेब्रुवारीत. चाचणी सप्टेंबरात. आणि खाली एकटीच ओळ: ‘मी नोकरी सोडली नाही. मला काढलं.’

बरोबर आहे. माझ्याकडून ओघात लिहून गेलं.

आभार मानायला बसले, तर वाटलं, अडतीस वर्षांत मी काय केलं ते तरी तुला सांगावं. तू विचारलं नाहीस, पण कुणीतरी तुझ्यापर्यंत अर्धवट पोचवलं असेलच.

शिष्यवृत्ती मिळाली आणि मी विद्यापीठात गेले, ते तुला माहीत आहे. गणिताच्या विभागात मला जिन्याखालची खोली दिली. खोली कसली, झाडू ठेवायची जागा होती. झाडू बाहेर गेले आणि मी आत आले. माझा विषय कुणाला नको होता. तिथली मोठी माणसं सिद्धांत मांडायची, आकड्याला हात लावणं त्यांना कमीपणाचं वाटायचं. एकाने तोंडावर म्हटलं, "बाई, हे हमालांचं गणित." मी म्हटलं, "हमाल नसेल तर तुमचं सामान फलाटावरच राहील." तेव्हापासून ते माझ्याशी बोलेनासे झाले आणि मला कामाला भरपूर वेळ मिळाला.

काम काय होतं, ते तुला एका ओळीत कळेल. आपण प्रत्येक भागाकारात सहा अंक ठेवायचो आणि पुढची शेपटी तोडायचो. तोडलेला तुकडा बारीक. पण शंभर पायऱ्यांनंतर ते तुकडे कधी आपापसात मिटतात, आणि कधी सगळे मिळून उत्तराच्या डोक्यावर बसतात. कुठली समीकरणं सरळ स्वभावाची आणि कुठली बिथरणारी, हे आधीच ओळखता येईल का? येतं, हे मी दाखवलं. ते ओळखण्याच्या रीतीला लोक माझ्या नावाची कसोटी म्हणतात. पुढे दालनभर पसरलेलं मोठं यंत्र आलं, तापलं की त्याच्या शेजारी बसवेना. सगळे म्हणाले, आता चुका संपल्या. मी म्हणाले, "यंत्र चुकत नाही. आपली चूक मात्र ते फार वेगाने करतं." ते वाक्य नंतर भिंतीवर लावलं त्यांनी. पूल, विमानाचे पंख, हवेचा अंदाज, सगळीकडे कसोटी वापरतात आता. एकवीस विद्यार्थी झाले माझ्या हाताखाली. लग्न राहून गेलं.

ही कल्पना सुचली कशी, असं प्रत्येक व्याख्यानात विचारतात. मी सांगते, वाचनालयात बसले होते, पेन्सिल टोकावर उभी करून बघत होते. जरा श्वास लागला की कधी इकडे पडायची, कधी तिकडे. तेव्हा डोक्यात आलं, काही गणितंही अशीच टोकावर उभी असतात. लोकांना फार आवडतं. टाळ्या वाजवतात.

दादा, पेन्सिल वगैरे काही नव्हती.

बाकी पुढे कधीतरी.

तुझी धाकटी

१७ जुलै

दादा,

तू उत्तर दिलं नाहीस. बरं केलंस. दिलं असतंस तर मी पुन्हा हवापाण्याचं लिहिलं असतं.

आता जे लिहिते आहे ते तुला माहीत आहे. तरी मला सगळं पहिल्यापासून लिहू दे, कारण मी ते आजवर कुठेही, स्वतःच्या वहीतसुद्धा, लिहिलेलं नाही.

आकडेखोलीचा एक नियम होता. प्रत्येक गणित दोघांनी करायचं, वेगवेगळ्या टेबलांवर, एकमेकांशी न बोलता. एकाने समीकरणं वरून सोडवत खाली जायचं, दुसऱ्याने खालून वर. शेवटी दोन्ही कागद शेजारी ठेवायचे. जुळले तर साहेब सही करणार, नाही जुळले तर दोघांनी पुन्हा पहिल्यापासून. दरवाज्याच्या लोखंडी हातांवर पाण्याचा किती जोर येईल, त्याची चौदा समीकरणं होती. वरून तू, खालून मी. तू मला त्या नोकरीत चिकटवलं होतंस, आणि बाबांनी तुझ्यासाठी शब्द टाकला होता. भावाबहिणीला एकच गणित देऊ नका, असं कुणीतरी म्हणालंही होतं. साहेब हसले होते. "हे दोघं एकमेकांच्या चुका काढायला टपलेलेच असतात," म्हणाले.

तुझं पूर्ण झालं आणि कागद कपाटात ठेवून तू साहेबांबरोबर धरणाच्या जागेवर गेलास. माझी पाच समीकरणं झाली होती, नऊ बाकी. आणि माझी मुलाखत चार दिवसांवर आली होती. शिष्यवृत्तीची. मी तुला सांगितलं होतं की माझं होत आलंय. ते चारही दिवस मी वाचनालयात होते. मुलाखतीचा अभ्यास करत होते.

पाचव्या दिवशी मी कपाटातून तुझे कागद काढले. किल्ली माझ्याकडेच होती, तूच ठेवायला दिली होतीस. शेवटची चौदा उत्तरं उतरवली, आणि मधले रकाने उलटे, उत्तराकडून मागे येत, भरून काढले. एका दुपारीत झालं. हुशार होते ना मी.

दोन्ही कागद जुळले. सही झाली. दरवाजा बसला. सप्टेंबरात पहिल्यांदा पाणी भरलं आणि त्याचा उजवा हात वाकला. पाणी खालच्या वस्तीपर्यंत गेलं नाही. एका माणसाला लागलं. कुणी दगावलं नाही.

चौकशीची खोली मला अजून दिसते. लांब टेबल, तीन माणसं, मधे साहेब. त्यांनी दोन्ही कागद आपल्यासमोर सरकवले. आवाज चढवला नाही त्यांनी.

"वरून आलेला आणि खालून आलेला शेवटचा अंक कधी सारखा येत नाही," ते म्हणाले. "एखाद्या अंकाचा फरक पडतोच. इथे चौदाच्या चौदा तंतोतंत. कोणी कोणाचं बघितलं?"

तू माझ्याकडे बघितलंस. मी समोरच्या पाण्याच्या पेल्याकडे बघत होते.

"मी," तू म्हणालास. "हिचं बघून उतरवलं."

साहेबांनी लिहून घेतलं. सगळं खापर तुझ्यावर फुटलं आणि माझ्या कागदावर ‘नियमानुसार’ असा शेरा पडला. पुढच्या महिन्यात मी विद्यापीठात रुजू झाले.

मी स्वतःला काय समजावलं, तेही लिहिते. दादा मोठा आहे. त्याने माझ्यासाठी केलं. त्याने दिलेलं मी नाकारलं, तर त्याचं देणंच वाया जाईल. हे मी इतकी वर्षं जपलं की शेवटी ते मला चांगुलपणासारखं वाटायला लागलं. तुला पत्र लिहिलं नाही, कारण उपकार करणाऱ्याला तोंड दाखवणं जड जातं, असं मी म्हणायचे. बाबा तुझ्याशी बोलायचे बंद झाले. त्यांच्या शेवटच्या आजारात मी उशाशी होते. एकदा त्यांनी विचारलं, "तो असा कामचुकार कसा गं निघाला?" मी त्यांची उशी सारखी केली. एवढंच केलं.

एक मात्र मला सांगू दे. तुझ्या गणितात चूक नव्हती. एकेक पायरी बरोबर होती. ती समीकरणंच बिथरणारी होती, तोडलेल्या शेपट्या उत्तराच्या डोक्यावर बसल्या. त्या काळी हे कुणालाही कळलं नसतं. हे मी छापूनही आणलं आहे, दोन ठिकाणी.

तुझी बहीण

४ ऑगस्ट

दादा,

आठ पानं. मला वाटलं नव्हतं तू आठ पानं लिहिशील.

एक पान मी इतक्या वेळा वाचलं की पाठ झालं. तरी इथे उतरवते, म्हणजे मी नीट वाचलं की नाही ते तुला बघता येईल:

‘दशांश, मी तुला वाचवायला बोललो नव्हतो. तू लगेच म्हणशील, नाही, मी, असं वाटलं म्हणून बोललो. तुला तेवढा दम घ्यायला वेळ मिळावा, एवढाच हेतू. साहेबांचं लिहून होईपर्यंत थांबलो. शाई वाळेपर्यंत थांबलो. मग जिन्यात थांबलो. मग घरी सहा महिने. मी तुला काही दिलं नव्हतं. तू घेतलंस.’

लहानपणी मी तुझ्यामागे टिंबासारखी फिरायचे म्हणून तू ठेवलेलं ते नाव. अडतीस वर्षांनी कुणी मला त्या नावाने हाक मारली, आणि ती अशा वाक्याच्या आरंभी. चहा ठेवला होता तो आटून गेला, भांडं काळं झालं.

तुझ्यावर रागावायलाही बघितलं. मनात म्हटलं, जिन्यात थांबला होतास तर हाक का नाही मारलीस? पण तो राग दुपारपर्यंतही टिकला नाही.

दुसऱ्या दिवशी टाचणीला घरी बोलावलं आणि सगळं सांगितलं. ती वही उघडून बसली होती, हळूच मिटली.

"बाई, हा गौरवग्रंथ आहे," ती म्हणाली.

"मग?"

"यात हे मी कुठे बसवू?"

"पहिल्या पानावर. तू सुरुवात विचारली होतीस ना?"

"लोक कसोटीवर बोट ठेवतील."

"ठेवू देत. कसोटी खरी आहे. ती काय माझ्या वागण्यावर उभी नाही."

तिने वही पिशवीत ठेवली. मग अगदी बारीक आवाजात, "आणि पेन्सिल?"

"नव्हती गं."

"बाई! मी दर वर्षी पहिल्या तासाला वर्गासमोर पेन्सिल उभी करते!"

मला हसू आवरेना. तीही हसली, पण डोळे पुसून. जाताना म्हणाली, "लिहा. बघते मी कोण काय म्हणतं ते." तेव्हा लक्षात आलं की तिला माझ्यापेक्षा जास्त धीर आहे.

लिहून झालं आहे. टंकलेली प्रत सोबत जोडते. छापायला जाण्याआधी तू तपास. सगळं तपास, माझं म्हणून सोडू नकोस. एखादं वाक्य तुला नको असेल तर काढेन. तुझं नाव नको असेल तर तेही. तू शाळेत मास्तर म्हणून शिकवलेली मुलं, त्यांचे आईबाप, गावातले लोक हे वाचतील, याचा विचार मी केलेला नाही, तू कर.

दशांश

२२ ऑगस्ट

दादा,

एकोणीस दुरुस्त्या. आणि लाल शाईने! मास्तर तो मास्तरच.

चौदा तर नुसत्या शुद्धलेखनाच्या. ‘निघुन’ला दीर्घ ऊ. मुकाट्याने केल्या. तुझं नाव राहू दे म्हणालास, वहिनीही तेच म्हणाल्या म्हणून लिहिलंस. त्यांना सांग, मी आभारी आहे. ‘दादाने माझ्यासाठी त्याग केला’ हे वाक्य तू पूर्ण खोडलंस आणि समासात लिहिलंस, ‘झालं तेवढंच लिही.’ तेही काढलं. ते मी सवयीने लिहून गेले होते. तुझं पत्र वाचूनसुद्धा.

नववं पान. मी लिहिलं होतं, ‘एका माणसाला लागलं.’ तू त्यावर रेघ मारून लिहिलंस:

‘पाय. उजवा. गुडघ्याखालून काढावा लागला. धरणावरचा पहारेकरी. वय एकतीस. मुलगी चार वर्षांची.’

आणि खाली, ‘तुला माहीत होतं. वर्तमानपत्रात आलं होतं.’

हो. माहीत होतं. मी ते वर्तमानपत्र विद्यापीठाच्या वाचनालयात वाचलं आणि घडी करून जागेवर ठेवलं. ‘लागलं’ हा शब्द मी तेव्हाच निवडून ठेवला होता. ठेच लागल्यालाही लागलंच म्हणतात.

अकरावं पान. ‘त्या काळी हे कुणालाही कळलं नसतं.’ यावर तू काही लिहिलं नाहीस, शेजारी फक्त प्रश्नचिन्ह काढलंस. तुला काय माहीत आहे, काय नाही, मला सांगता येत नाही. कदाचित तुला ते वाक्य नुसतं फार गुळगुळीत वाटलं असेल. पण त्या प्रश्नचिन्हाने मला तीन दिवस काही सुचू दिलं नाही. म्हणून आता शेवटचं.

विद्यापीठातल्या दुसऱ्या वर्षी, हिवाळ्यात, मी ती चौदा समीकरणं पुन्हा मांडली. माझ्या वहीत होती. जिन्याखाली बसून मी ती यंत्राशिवाय, कागदावरच सोडवली, खालून वर, जशी सोडवायला हवी होती तशी. अकरा दिवस लागले. एकही रकाना उलटा भरला नाही. उजव्या हातावरच्या जोराचा आकडा आला, आणि त्याचा दुसराच अंक तुझ्यापेक्षा वेगळा होता. दुसरा, दादा, सहावा नव्हे. वाटलं, चुकले. पुन्हा केलं. तेच. मग तुझ्यासारखं वरून खाली केलं, तर हुबेहूब तुझं उत्तर.

म्हणजे कसं, तर मी तेव्हा प्रामाणिकपणे केलं असतं तर माझंही चुकलंच असतं. पण वेगळं चुकलं असतं. दोन न जुळणारे कागद साहेबांच्या टेबलावर गेले असते, सही झाली नसती, दरवाजा बसला नसता. नियम त्याचसाठी होता. कुणालाही कळलं नसतं हे खोटं आहे. कळलं असतं. मला कळलं असतं, पाचव्या दिवशी, यंत्राचं हँडल फिरवता फिरवता.

माझा पहिला शोधनिबंध त्याच आठवड्यात सुरू झाला. दोन उत्तरं इतकी वेगळी आली का, हाच त्याचा विषय. कसोटी त्या वहीतून आली आहे. बाकीचं आयुष्य मी त्या एका फरकाचं कारण शोधण्यात घालवलं, आणि फरक कुठे सापडला ते कुणाला सांगितलं नाही. वही अजून आहे.

अकरावं पान नवीन लिहिलं आहे. पुन्हा तपासायला पाठवत नाही, कारण हे तपासणं तुझ्या हातात नाही, फक्त माझ्या आहे. ऑक्टोबरच्या पाच तारखेला पुस्तक प्रकाशनाची सभा आहे. येशील का, असं विचारायचा मला हक्क नाही, तरी विचारते.

एक मागते. त्या पहारेकऱ्याचा पत्ता तुझ्याकडे असेल असं वाटतं. तुला वय माहीत आहे, मुलगी माहीत आहे.

दशांश

१० ऑक्टोबर

दादा,

तू आला नाहीस. पत्ता मात्र पाठवलास, आणि सोबत एक ओळ: ‘तो चार वर्षांपूर्वी गेला. मुलगी तिथेच राहते.’

आधी सभेचं सांगते. दालन भरलं होतं. मी ती पानं स्वतः वाचली, तुझ्या दुरुस्त्यांसकट. दीर्घ ऊ नीट दीर्घ म्हटला. वाचून झालं तेव्हा टाळ्या वाजल्या नाहीत. वाजायला नकोच होत्या, पण सवय असते ना, कान वाट बघत राहिले. संचालक उठून माझ्या हातात पुस्तक ठेवून खाली बसले, माझ्याकडे न बघता. माझे दोन जुने विद्यार्थी चहाला न थांबता निघून गेले. टाचणी पहिल्या रांगेत ताठ बसून होती.

मग मागून एक मुलगी उभी राहिली, नुकतीच संशोधनाला लागलेली. म्हणाली, "दुसऱ्या वर्षी तो फरक हातात आला, तेव्हा तरी का नाही बोललात?"

माझ्याजवळ या प्रश्नाची चार चांगली उत्तरं तयार होती. मी म्हटलं, "मला जे मिळालं होतं ते सोडायचं नव्हतं."

ती म्हणाली, "बरं." आणि लिहून घेतलं.

धरणाच्या कचेरीलाही मी पत्र टाकलं होतं, तुझ्या नावावरचा शेरा काढा म्हणून. उत्तर आलं आहे. ती फाईल पंचवीस वर्षांपूर्वीच रद्दीत गेली. तुझ्यावर ठपका होता हे आता त्यांना ठाऊकच नाही, त्यामुळे तो काढताही येत नाही. म्हणून पुस्तकात छापलंय तेवढंच राहील.

परवा मी त्या पत्त्यावर गेले. खाली शिवणकामाचं दुकान, वर घर. तीच मशीनवर बसली होती. पन्नाशीला आलेली नाही अजून, केस मात्र पांढरे. मी कोण ते सांगितलं. तिने समोरचं स्टूल पायाने माझ्याकडे सरकवलं आणि शिवत राहिली. मी सगळं सांगितलं, कागद उतरवल्यापासून वहीपर्यंत. मधे एकदा तिचा दोरा तुटला, तो तिने ओवून घेतला. "सांगा, ऐकतेय मी," म्हणाली.

संपल्यावर तिने मशीन थांबवलं.

"तुमचे भाऊ दर वर्षी यायचे," ती म्हणाली. "सुट्टी लागली की दोन दिवस. बाबांशी पत्ते खेळायचे. माझं दहावीचं गणित त्यांनीच घेतलं. आम्हाला वाटायचं, चूक त्यांची होती. बाबा म्हणायचे, याने केलं खरं, पण येतो तरी."

दादा, मला हे माहीत नव्हतं. आठ पानांत तू याचं एक अक्षर लिहिलं नाहीस.

"मग ते कशाला येत होते?" तिने विचारलं. "त्यांनी केलंच नव्हतं तर?"

मी म्हटलं, "आकडा त्याचा होता. चुकीचा ठरला तो त्याच्या हातचा होता."

"आणि तुमचं काय होतं?"

"तो तपासायचं."

तिने मान हलवली. कपडा उलटून शिवण बघितली, जास्तीचा दोरा कापला. ती मला रागावली नाही आणि माफही केलं नाही. मी उठले, तेव्हा दारापर्यंत आली. म्हणाली, "आता एकदा दोघं या. बाबांच्या मागे तेही आले नाहीत. मला तुम्हा दोघांना समोरासमोर बसवून एकदा हे सगळं ऐकायचंय. एकेकट्याचं ऐकून मला काही जुळत नाही."

मी हो म्हणून आले. तुला न विचारता हो म्हटलं, याबद्दल हवं तर रागाव.

शनिवारी दुपारच्या गाडीने निघते आहे. संध्याकाळी पाचला पोचेन. रविवारी तुझ्याकडे राहीन, सोमवारी तू तयार असलास तर दोघं तिच्याकडे जाऊ. तयार नसलास तर मंगळवारपर्यंत थांबेन. मग बुधवारपर्यंत. वहिनींना सांग, माझ्यासाठी वेगळं काही करू नका, आणि मला जिना चढायला वेळ लागतो.

स्टेशनवर येऊ नकोस. तू मला ओळखायचा नाहीस, आणि मी तुला, आणि फलाटावर उगाच दोघांची फजिती. तुझं घर मी पाहिलेलं नाही. विचारत विचारत येईन.

दशांश